गिधाडांच्या घरी पाळणा हलला

अध्यक्षांनी आत्ता माझी ओळख ‘गिधाडवाले सर’ अशी करून दिली. घरीही मला तेच म्हणतात, फक्त ‘सर’ गाळून. आजचा विषय छापलाय ‘पिंजोरची पिल्लं आणि आपलं मेडिकल’. मेडिकलकडे येतोच. आधी पिल्लं.

चंदीगडहून कालक्याकडे निघालात की पिंजोर लागतं. तिथं आपल्या मुंबईची बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, 1883 सालची संस्था, हरियाणाच्या वनखात्याबरोबर गिधाडांचं प्रजनन केंद्र चालवते. 2001 मध्ये आजारी गिधाडांची शुश्रूषा करायला सुरुवात झाली, 2004 पासून प्रजनन. केंद्राचं नाव जटायू. दुसरं सुचलं असतं तरच नवल.

गिधाडाचा संसार फार सावकाश चालतो. वर्षाला अंडं एक. एकच! पोल्ट्रीवाल्यांनी हसू नये. नर आणि मादी आळीपाळीनं पन्नासहून जास्त दिवस ते उबवतात. नरसुद्धा पाळी चुकवत नाही, हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो आणि प्रत्येक ठिकाणी बायकांच्या बाजूनंच टाळ्या पडतात. बघा, पडल्याच. मग पिल्लू निघतं. मळक्या कापसाचा बोळा, त्यावर डोकं, आणि ते डोकं मानेला पेलत नाही. आई-बाप स्वतःच्या पोटातलं मांस वर काढून त्याला भरवतात. जेवणं झालीत ना सगळ्यांची? हे पिल्लू तीन-चार महिने घरटं सोडत नाही आणि त्याला स्वतःचा संसार थाटायला पाच वर्षं लागतात.

म्हणून केंद्रवाल्यांनी एक युक्ती केली. पहिलं अंडं लवकर उचलायचं, इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं. घरटं रिकामं दिसलं की जोडी बहुधा दुसरं घालते. एका वर्षात दोन पिल्लं. त्यांच्या जेवणासाठी बोकड आणतात, पण आणला की लगेच कापत नाहीत. काही दिवस सांभाळतात, अंगातलं औषध उतरू देतात. हा बोकड लक्षात ठेवा.

मी यावर एका दैनिकाला लेख पाठवला. फोन आला, “सर, फोटो जरा गोड नाही का? हे पिल्लू आजारी वाटतंय.” म्हटलं, “हे त्यातल्या त्यात गोंडस आहे हो.” दुसऱ्या दिवशी मथळा: ‘गिधाडांच्या घरी पाळणा हलला!’ मथळा मला आवडला, खोटं कशाला बोलू, आजही तोच वापरतोय. खाली फोटो कुणाचा? अमेरिकेच्या टकल्या गरुडाचा. मी फोन केला तर साहेब म्हणतात, “टक्कल आहे ना? मग?” अहो, त्या गरुडाला टक्कलही नसतं, पांढरी पिसं असतात डोक्यावर! आमच्या मेव्हण्यांनी ते कात्रण लॅमिनेट करून मला वाढदिवसाला दिलं.

राणीच्या बागेत 15 ऑगस्ट 2018 ला पेंग्विनचं पिल्लू जन्मलं. बिचारं आठवडाभरच जगलं, पण तेवढ्यात घराघरांत पोचलं. माझं पेंग्विनशी भांडण नाही. पण गिधाड आपल्याकडे शिवी म्हणूनच उरलंय. ‘गिधाडासारखे तुटून पडले’ म्हणे! लग्नाच्या पंगतीत बघा कोण तुटून पडतं ते. आमच्या गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा होती. लहानपणी सकाळी बैल टाकला की संध्याकाळी नुसता सांगाडा. वासही नाही. आता तिथं फक्त कुत्री आहेत, आणि त्या वाटेनं शाळेत जाणाऱ्या पोरांच्या हातात काठी असते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं. तर मुख्य मुद्दा.

1992 ते 2007 या काळात देशातल्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांतली हजारात 999 गेली. कारण डायक्लोफिनॅक, दुखणं-सूज उतरवायचं औषध. दुखऱ्या बैलाला टोचलेलं औषध त्याच्या मांसात उरतं, ते खाऊन गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर चढतो. शंभरात एकाहूनही कमी मढ्यांत औषध असलं, तरी एवढा संहार व्हायला पुरतं. एका मढ्यावर अख्खा थवा जेवतो ना! 2006 मध्ये ढोरांसाठी बंदी आली. मग माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जायला लागल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शन एका वेळच्या 3 मिलिलिटरवर आणलं. अ‍ॅसिक्लोफिनॅक हे त्याचंच भावंड, गाईच्या अंगात जाऊन त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. ते आणि किटोप्रोफेन हे आणखी एक दुखण्यावरचं औषध 2023 मध्ये ढोरांसाठी बंद झालं. त्याच कामाचं मेलॉक्सिकॅम चालतं, गिधाडाला त्याचा अपाय नाही, आणि ते मिळतंही.

जानेवारी 2024 मध्ये पिंजोरची गिधाडं आपल्या ताडोबात आणि पेंचमध्ये आणली. पिंजऱ्यात त्यांना पारखलेला बोकड मिळत होता. बाहेर त्यांच्यासाठी बोकड कोण पारखणार? आपला ढोरांचा डॉक्टर आणि आपला मेडिकलवाला. पिल्लं कितीही काढा, सगळं त्या काउंटरवर अडतं, एवढंच मला तासभर सांगायचं होतं, ते…

हो, हो, संपवतो. तिसऱ्या रांगेत आपले मेडिकलवाले अण्णा बसलेत, मघापासून मोबाइलमध्ये डोकं घालून. प्रश्नोत्तरं आहेत ना? मग पहिला प्रश्न मीच त्यांना विचारतो. अण्णा, बैलाचा पाय सुजलाय म्हणून गिऱ्हाईक आलं, तर फळीवरून काय काढून देता?