मयताचं नाव

(माहितीपटाचं निवेदन. कंसात पडद्यावरची दृश्यं.)

(सकाळ. कुडाची भिंत. खुंटीला लटकलेली प्लास्टिकची पिशवी.)

ही पिशवी बियाण्याच्या दुकानातली. वर सोयाबीनच्या वाणाची जाहिरात आहे, हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र आहे. आत कागदं आहेत. घरात पाणी गळायला लागलं की आधी ही पिशवी हलवतात, मग धान्याचं पोतं.

जुलैतली गोष्ट. उकाडा होता, म्हणून घरधनी खालीच सतरंजी टाकून झोपला. पहाटे पोटात कळ आली. मग पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळायला लागली. बायकोला वाटलं, रात्रीचं जेवण बाधलं. मण्यार साप असाच चावतो. दुखत नाही फारसं, दातांच्या खुणाही धड दिसत नाहीत, आणि बहुतेकदा माणूस झोपेत असतो. शेजाऱ्याच्या गाडीतून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

(आरोग्य केंद्राचं आवार. कडुनिंबाखाली बाकडं.)

या बाकड्यावर त्या सकाळी वडीलधारी माणसं बसली होती. त्यांचं म्हणणं एकच: "गेला तो गेला, आता चिरफाड कशाला? माती करून टाकू." त्यांना दोष कुणी द्यावा? पण शेतकरी कुटुंबासाठी असलेल्या सरकारी मदतीचा निम्मा निकाल याच बाकड्यावर लागतो, आणि तिथे बसलेल्या कुणालाही त्याची कल्पना नसते.

महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. नाव लांबलचक, काम सरळ. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर वारसाला 2 लाख रुपये. वय 10 ते 75. रस्त्यावरचा अपघात, वीज पडणं, विजेचा धक्का, विहिरीत बुडणं, विंचू, साप, सगळं यात येतं. आजाराने आलेलं मरण येत नाही. आत्महत्याही येत नाही, तिच्या मदतीची वाट वेगळी आहे. पूर्वी ही विमा योजना होती आणि दावे विमा कंपनीकडे जायचे. एप्रिल 2023 पासून सरकार स्वतः अनुदान देतं.

आता अपघात होता हे दाखवायचं कशावरून? पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. आणि साप असेल तर बऱ्याचदा व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांच्या नमुन्यांची प्रयोगशाळेतली रासायनिक तपासणी. उपचाराआधीच माणूस गेला आणि शवविच्छेदन झालं नाही, तर सर्पदंशात सवलत आहे. पण त्यासाठीही वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतंच. ते त्याच दिवशी सुचलं तर ठीक. महिन्याभराने कोण लिहून देणार?

या घरात पोलीस पाटील आडवा आला. म्हणाला, "मामा, शिव्या मला द्या, पण पंचनामा झाल्याशिवाय उचलू नका." त्या दिवशी शिव्या खाल्ल्यासुद्धा त्याने.

(भिंतीवरची दिनदर्शिका. एका तारखेभोवती पेनाने केलेला गोल.)

घरातलं सुतक तेरा दिवसांचं. सरकारचं घड्याळ मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत झाली तर साधं काम. वर्ष उलटलं तर उपविभागीय अधिकाऱ्यापर्यंत जावं लागतं. अपघात अनुदानाचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायची मुदत 30 दिवस. दहावा, तेरावा, पाहुण्यांची रीघ, आणि बाई अजून कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली. तिने घराबाहेर पडायचं म्हटलं तरी गाव बघतं. म्हणून अर्ज दीर नेतो, नाहीतर भाऊ. आणि कागद ज्याच्या हातात, त्यालाच पुढचं कळतं.

इथे भाऊ आला. बहिणीला मोटरसायकलवर मागे बसवून तालुक्याला घेऊन गेला. हे त्याने बरं केलं.

तिथे दुसराच पेच. जमीन सासऱ्यांच्या नावावर. सात-बाऱ्यावर नवऱ्याचं नाव नाही, मग तो शेतकरी कसा? हा प्रश्न 2019 पर्यंत भल्याभल्यांना परत पाठवायचा. आता खातेदाराच्या कुटुंबातल्या एका सदस्यालाही संरक्षण आहे. वारसांच्या क्रमात पत्नी पहिली, मग अविवाहित मुलगी, मग आई, मग मुलगा. वडील पाचवे. हा क्रम कृषी सहायकाने घरी येऊन वाचून दाखवला, तेव्हा सासरे उठून गोठ्यात गेले. कुणी काही बोललं नाही. पुढे चार दिवस बोललं नाही.

मग आधार कार्ड. त्यावर तिचं माहेरचं नाव. मृत्यूच्या दाखल्यात नवऱ्याचं पाळण्यातलं नाव, बँकेत घरी हाक मारायचे ते. एकाच माणसाची दोन माणसं झालेली. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र करून आणावं लागलं.

(मुलीच्या हातात पासबुक. बोट एका ओळीवर.)

ही ओळ आठवीतल्या मुलीने शोधली. मे महिन्याच्या शेवटी खात्यातून 436 रुपये कापलेले. बापाने कधी अंगठा-सही करून जीवन ज्योती विमा घेतला होता, त्याचा हा हप्ता. तोही 2 लाखांचा. विमा लागू झाल्यानंतरचे सुरुवातीचे 30 दिवस सोडले, तर मरण कशाने आलं ते इथे विचारत नाहीत, व्हिसेराची वाट बघावी लागत नाही. मेलेल्या माणसाचं खातं बंद करायच्या घाईत लोक पासबुक भरून घेत नाहीत, आणि या ओळी तशाच राहतात. 20 रुपयांची ओळ दिसली तर तो सुरक्षा विमा, फक्त अपघाताचा.

संजय गांधी निराधार योजनेतून विधवेला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. कुटुंब दारिद्र्यरेषेच्या यादीत नसेल, तर वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला हवा. दिवसाला 58 रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात घर चालवणारी बाई मला तरी दाखवा. दाखला मात्र निघतो, कारण तो निघाल्याशिवाय कुणाचंच भागत नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक आहे.

(तहसील कार्यालयाचा व्हरांडा. रांग.)

अपघात अनुदानाची प्रकरणं तहसीलदारांच्या समितीपुढे येतात. हिच्या फाइलवर अजून "व्हिसेरा अहवाल प्रलंबित" असं लिहिलेलं आहे. अर्जाची पोच तिने पिशवीत सगळ्यात वर ठेवली आहे. आता तालुक्याला ती एकटी येते. साडेनऊची एसटी, परतीची चारची.

लग्नात घास भरवताना बायकांनी अडवलं, तेव्हा तिने उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं होतं. त्यानंतर चौदा वर्षांत नाही घेतलं. "अहो", "आमचे हे", "पिंकीचे बाबा". आता प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न तोच असतो.

"मयताचं नाव?"

पहिल्यांदा तिने भावाकडे बघितलं होतं. आज तिने पदर सावरला, पिशवी काउंटरवर ठेवली आणि नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं धरून. तिच्या सांगण्यावरून तेवढा आवाज आम्ही काढून टाकला आहे.