किंमत विचारायला काय जातंय?

(दृश्य: बाजार उघडायच्या आधीचा अर्धा तास. ट्रॉली बॅगा, पुठ्ठ्याची खोकी, ओढली जाणारी टेबलं.)

सहा फुटांचं टेबल आणि त्यावर तिघांचा माल. भाडं एकट्याला झेपत नाही, म्हणून तिघांत घेतलेलं. एका कडेला क्रोशाची किचेन, मधे लिनोकटचे, म्हणजे लिनोलियमवर कोरून काढलेले, छाप, दुसऱ्या कडेला रेझिनचे झुमके. कुणाची चादर कुणाच्या हद्दीत आली यावरून थोडी कुरबुर होते. एक्स्टेंशन बोर्ड आणायचं काम दुसऱ्याचं होतं, यावर मात्र तिघांचंही एकमत असतं.

मुंबईत थंडीच्या दिवसांत, म्हणजे मुंबईत ज्याला थंडी म्हणून चालवून घेतात त्या दिवसांत, असे बाजार भरतात. कधी कॅफेच्या गच्चीवर, कधी एखाद्या स्टुडिओत, कधी मोठ्या फ्ली मार्केटच्या कोपऱ्यात. माल मांडणारे बहुतेक जण क्विअर: समलैंगिक, पारलिंगी (ट्रान्स), आणि आपण नेमकं कोण हे अजून ठरवायची घाई नसलेले. 2008 पासून काम करणाऱ्या ‘गेझी फॅमिली’ या मंचाचे झीन बाजार आणि ‘क्विअर मेड वीकेंड’ ही त्यातली ओळखीची नावं. या बाजारांच्याही आधी, 2010 च्या आसपास, वांद्र्यात ‘आझाद बाजार’ नावाचं दुकान होतं. प्राइडच्या, म्हणजे क्विअर असण्याचा अभिमान मिरवणाऱ्या, वस्तूंचं देशातलं पहिलं दुकान म्हणून ते ओळखलं गेलं.

(दृश्य: हातांचा क्लोजअप. कागद, कात्री.)

झीन म्हणजे स्वतः लिहिलेली, स्वतः काढलेली, स्वतःच छापलेली चिमुकली पुस्तिका. ए-फोर आकाराचा एक कागद घ्यायचा आणि घड्या घालून त्याचे आठ चौकोन करायचे. मधल्या चार चौकोनांमधून कात्रीने एक आडवी चीर द्यायची. मग कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की चीर फाकते आणि आठ पानांचं पुस्तक उभं राहतं. स्टेपलरसुद्धा लागत नाही. झेरॉक्सच्या एका बाजूत अख्खी पुस्तिका निघते. त्यात कुणी वसतिगृहातल्या प्रेमाबद्दल लिहितं, कुणी छाती बांधायच्या बाइंडरमुळे होणाऱ्या पाठदुखीबद्दल, कुणी नुसतीच मांजरं काढतं. मांजरांच्या झीन आधी संपतात, हे मान्य करायला हवं.

आता टेबलाच्या अलीकडे येऊ.

मोर्चात जायचं तर उद्याच्या पेपरात चेहरा दिसेल, ही धास्ती असते. 16 ऑगस्ट 2008 ला मुंबईत ‘क्विअर आझादी’चा पहिला मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला. त्या सुरुवातीच्या वर्षांत मुखवटे घालून चालणारे कितीतरी जण असायचे. पार्टीला जायचं तर पैसे लागतात, कपडे लागतात, रात्री उशिरा घरी पोचायची सोय लागते. आधारगटात जायचं तर का आलात हे कधीतरी बोलावं लागतं. बाजार यातलं काहीच विचारत नाही. माणूस आत येतो, झुमका उचलतो, उलटा करून बघतो, ‘कितीला?’ म्हणतो. त्याने एवढं केलं की त्याच्या तिथे असण्याला कारण मिळालं. घरी सांगायलाही ‘प्रदर्शनाला चाललेय’ हे पुरतं. मराठी घरात प्रदर्शनाला जाऊ नको असं कोण म्हणणार? उलट येताना पिशव्या आण म्हणून सांगतील.

म्हणून अशा बाजारात काही जण एकाच टेबलाभोवती दोनदोनदा घुटमळताना दिसतात. मांडणाऱ्यांना ते ओळखू येतं. त्यांच्यावर विक्रीचा मारा करायचा नाही, हा अलिखित नियम आहे. ‘बघा हं निवांत’, एवढंच.

(दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, कॅस्ट्रो स्ट्रीटची जुनी छायाचित्रं.)

बाजार भरवून आपली जागा मिळवायची ही युक्ती मुंबईत पहिल्यांदा सुचलेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात सत्तरच्या दशकात दोघा समलैंगिक पुरुषांना जुन्या वस्तूंचं दुकान टाकायचं होतं. तिथल्या व्यापारी संघटनेने त्यांना परवाना मिळू नये म्हणून खटपट केली. तेव्हा कॅमेऱ्याचं दुकान चालवणाऱ्या हार्वे मिल्कने इतर दुकानदारांना हाताशी धरून वेगळी व्यापारी संघटना उभी केली आणि ऑगस्ट 1974 मध्ये रस्त्यावरच जत्रा भरवली. पाच हजारांवर लोक आले. नाकं मुरडणाऱ्या जुन्या दुकानदारांचाही त्या दिवशी असा धंदा झाला की त्यांची तोंडं बंद झाली. मिल्क पुढे 1977 मध्ये नगरमंडळावर निवडून आला आणि पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. कॅस्ट्रोची जत्रा मात्र अजून भरते, दर ऑक्टोबरात.

आणि तो इंद्रधनुषी झेंडा? आज चीनमधून गठ्ठ्यांनी येणारा, ट्रॅफिक सिग्नललासुद्धा मिळेल असा? तोही मुळात हातमालच. 1978 मध्ये गिल्बर्ट बेकर, लिन सेगरब्लोम आणि जवळपास तीस स्वयंसेवकांनी कचऱ्याच्या पिंपांमध्ये रंग कालवून मलमलीचं कापड रंगवलं. कापड खळबळायला सार्वजनिक धुलाईयंत्रं, आणि तिथे नुकतं रंगवलेलं कापड टाकायला बंदी. म्हणून रात्री उशिरा जायचं, काम उरकायचं आणि निघताना ब्लीच घालून एक फेरी रिकामी फिरवायची, म्हणजे सकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकाचे शर्ट गुलाबी व्हायला नकोत. पहिल्या झेंड्यात आठ रंग होते. मोठ्या प्रमाणावर शिवायची वेळ आली तेव्हा भडक गुलाबी कापड पुरेसं मिळेना, म्हणून तो पट्टा गेला. पुढे पट्ट्यांची संख्या सम हवी म्हणून निळसर हिरवाही गेला. दादरला मॅचिंग अस्तर शोधत फिरलेल्या कुणालाही हे पटेल.

(दृश्य: मुंबईतला भाजीबाजार. गर्दी.)

आपल्याकडे मात्र एक जुना हिशेब आहे. तृतीयपंथी माणूस आपल्या बाजारांना कधीच अनोळखी नव्हता. तो दुकानासमोर उभा राहायचा, टाळी वाजवायचा, मंगती घ्यायचा आणि पुढच्या दुकानाकडे जायचा. लग्नाघरी, बाळाच्या घरी बधाई. कोल्हापूर-सांगलीकडे देवीला वाहिलेले जोगते डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, आणि हातात परडी घेऊन जोगवा मागत दारोदार जायचे, मार्गशीर्षी पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जमायचे. अजूनही जमतात. या मागण्याला स्वतःची रीत आहे, मान आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण त्यात पैसा आशीर्वादाचा किंवा शापाच्या भीतीचा असतो. टेबलामागे बसलेल्या पारलिंगी बाईला मिळणारा पैसा टाक्याचा असतो. ‘दोनशेला देता का?’ असं गिऱ्हाईक घासाघीस करतं आणि ती म्हणते, ‘तीन दिवस लागलेत हो विणायला.’ ही घासाघीस ऐकायला बरी वाटते. शाप नाही, दया नाही, सरळ व्यवहार.

व्यवहारातही खाचा आहेतच. त्यातली सगळ्यात बोचरी खाच चौकोनी आहे: क्यूआर कोड.

(दृश्य: फोनचा पडदा.)

फलकावर कलाकाराचं एक नाव, ज्या नावाने सगळे हाक मारतात ते. गिऱ्हाईक कोड स्कॅन करतं आणि पडद्यावर येतं बँकेतलं नाव, जन्मदाखल्यावरचं. ‘अहो, हे कुणाचं नाव दाखवतंय? पैसे बरोबर जातायत ना?’ प्रश्न साधा, बहुतेक वेळा भल्या मनाने विचारलेला, पण चार लोकांत विचारलेला. 30 जून 2025 पासून पैसे पाठवताना यूपीआय अ‍ॅपमध्ये बँकेच्या नोंदीतलंच नाव दिसलं पाहिजे, असा नियम आहे. फसवणूक टाळायला तो योग्यच आहे. इथे तो नको ते उघडं पाडतो, एवढंच. खात्यावरचं नाव बदलायचं तर आधी जुळवाजुळव: पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र, त्यावरून आधार, पॅन, मग बँक. तोवर तिघांच्या टेबलावर एकाचाच कोड लावतात आणि रात्री वहीत हिशेब मांडून वाटणी करतात. टेबल वाटून घेण्याचं हे दुसरं कारण, भाड्याइतकंच खरं.

कौतुक इथे थोडं आवरतं घेतो. हे बाजार अजून बरेचसे वांद्रे-अंधेरीचे आहेत. स्टिकरवरचे विनोद इंग्रजीत, बोलणं इंग्रजीत. नालासोपाऱ्याहून हातशिलाईच्या पिशव्या घेऊन आलेल्या बाईला टेबलाचं भाडं वसूल होईपर्यंत संध्याकाळ होते आणि परतीची लोकल पकडायची असते. जिथे हा माल आणि ही ओळख दोन्ही जास्त उपयोगी पडतील, त्या सोलापुरात, नांदेडात असा बाजार कधी भरणार? जून महिना आला की मोठ्या कंपन्यांचे ईमेल येतात: आमच्या लॉबीत स्टॉल लावा, प्राइड मंथ आहे. बाहेर धो-धो पाऊस, आत एसी, विक्री चांगली होते. जुलैत सगळं चिडीचूप. मुंबईचा स्वतःचा प्राइड मोर्चा गेली कित्येक वर्षं जानेवारी-फेब्रुवारीत निघतो, हे त्या ईमेल लिहिणाऱ्यांना कुणीतरी कळवायला हवं.

(दृश्य: दुपार. दोघी जणी टेबलामागे डबा खातायत. चेहरे दिसत नाहीत.)

अनेक स्टॉल जोडप्यांचे आहेत. एकजण विणतं, दुसरं विकतं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का काढला. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयाने त्यांच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. कायद्याच्या लेखी ते आजही एकमेकांचे कुणी नाहीत. मग धंद्याचे पैसे कुणाच्या खात्यात? 28 ऑगस्ट 2024 ला केंद्रीय अर्थमंत्रालयाने स्पष्ट केलं की क्विअर व्यक्तींनी संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला कसलीही आडकाठी नाही. शाखेत गेल्यावर काउंटरपलीकडून ‘नातं काय?’ हा प्रश्न येतोच, म्हणून त्या पत्रकाची छापील प्रत जवळ ठेवलेली बरी. बाजारात ती प्रतही हातोहात फिरते. झेरॉक्सचा खर्च ज्याचा त्याने करायचा.