मायकेलसनचे शंभर आकडे

१८७९चा जून महिना. अमेरिकेतल्या अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी. इथला २६ वर्षांचा शिक्षक अल्बर्ट मायकेलसन प्रकाशाचा वेग मोजतोय.

एक छोटा आरसा सेकंदाला सुमारे २५७ वेळा गरगर फिरतो. त्यावरून निघालेला प्रकाश साधारण ६०० मीटरवरच्या स्थिर आरशाला लागून परत येतो. तेवढ्यात फिरता आरसा जरासा वळलेला असतो, त्यामुळे परतलेली प्रतिमा बाजूला सरकते. याच पद्धतीने आधी वेग मोजणाऱ्या फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रयोगात ही सरक मिलिमीटरभरही नव्हती. मायकेलसनला मिळाली सुमारे १३३ मिलिमीटर! मोजणीतली खरी हुशारी इथे आहे.

त्याने १०० आकडे नोंदवले. सगळ्यात लहान सेकंदाला २,९९,६२० किलोमीटर, सगळ्यात मोठा ३,००,०७०. हवा आणि तापमान यांची दुरुस्ती धरली की सरासरी येते २,९९,९४४.

आता कॉलेजात शिकवतात तसा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल काढू, म्हणजे खरं मूल्य ज्यात असावं असा पट्टा. आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप, ७९. त्याला १००च्या वर्गमूळाने, म्हणजे १०ने भागलं की ७.९. ही झाली सरासरीची प्रमाण त्रुटी. तिला १.९६ने, म्हणजे ९५ टक्क्यांसाठीच्या ठरलेल्या गुणकाने गुणलं की १५.५. म्हणजे वेग २,९९,९२९ ते २,९९,९६० यांच्या दरम्यान.

आणि खरा वेग? २,९९,७९२.४५८. १९८३पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावर उभी आहे. आपल्या इंटर्व्हलच्या खालच्या टोकापासूनही तो १३०हून जास्त किलोमीटर खाली आहे.

गणित कुठेच चुकलेलं नाही. जर्झी नेमन या पोलिश संख्याशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात ही पद्धत मांडली. तिच्यातले ९५ टक्के पद्धतीचे असतात: तीच मोजणी पुन्हा पुन्हा केली, तर निघालेल्या इंटर्व्हलपैकी साधारण ९५ टक्के खऱ्या मूल्याला कवेत घेतील. पण त्यासाठी आकडे खऱ्या मूल्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले हवेत. सगळेच एका बाजूला ओढले गेले असतील, तर सूत्राला ते कळायला मार्गच नाही, कारण त्याला दिसतो फक्त आकड्यांचा आपसातला फरक. अशा वेळी १०,००० मोजण्या घेतल्या, तर इंटर्व्हल दहापट अरुंद होईल, तोही चुकीच्याच जागी. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे सूत्रासोबतच सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मायकेलसनला याची जाण होती. उपकरणातल्या संभाव्य चुका एकेक तपासून त्याने अधिक-उणे ५१ अशी मर्यादा दिली, आपल्या १५.५च्या तिपटीहून मोठी. तीही कमीच पडली.

पुढे १९२६मध्ये, कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर, त्याने सुमारे ३५ किलोमीटर दूरच्या डोंगरावर आरसा ठेवला. ते अंतर सरकारी भूमापन खात्याने मुद्दाम मोजून दिलं होतं. वेग आला २,९९,७९६, अधिक-उणे ४. आजचा आकडा या मर्यादेत बसतो, अगदी खालच्या टोकाजवळ.