चुकलेला बार मातीत

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या दसऱ्याच्या चार दिवस आधी मी बाबांना गाडीत बसवलं आणि पुण्याहून गावाकडे निघालो. बाबा 76 वर्षांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले होते. ऑपरेशन झालं, पण एका डोळ्याला पहिल्यासारखं दिसेना. दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "बंदूक जमा करून टाकू. खंडेनवमीला पुजू आणि देऊ."

आमचं गाव कणकवलीजवळ. वाट तीच, लहानपणीची. कात्रज, खंबाटकी, सातारा, कराड करत कोल्हापूर, तिथून राधानगरी, दाजीपूर आणि मग फोंडाघाट. तेव्हा आमची पद्मिनी होती. घाटाआधी बाबा ती थांबवून बॉनेटवर ओला टॉवेल टाकायचे आणि आम्ही पोरं आईच्या डब्यातले लाडू संपवायचो. आता रस्ता रुंद झालाय, गाडी तापत नाही. तरी बाबांनी त्याच वळणावर थांबायला लावलं.

दाजीपूरचं ते रान एके काळी कोल्हापूर संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं. 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. मला याचं फार अप्रूप वाटतं. जिथे जनावर बंदुकीसमोर हुसकून आणायला हाके उठायचे, तिथे आज गवा रस्त्याकडेला उभा राहून गाडीकडे शांतपणे बघतो. आम्हालाही दिसला, ओल्या अंगाचा, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखा. बाबांनी काच खाली केली आणि एका डोळ्याने त्याला बघत राहिले.

मग त्यांनी त्यांच्या पायाची गोष्ट सांगितली. मी ती शंभरदा ऐकली असेन, पण गव्यासमोर पहिल्यांदाच. 1963 साली ते चौदा वर्षांचे. गावाने डुकरासाठी हाका घातला होता. हाकाऱ्यांत बाबाही होते. झुडूप हललं, पलीकडे बसलेल्याने चाप ओढला. डुक्कर नव्हतं. बाबांच्या पोटरीत आजही दोन छर्रे आहेत, बोट लावलं की हाताला लागतात. त्या रात्री आजोबांनी बाबांना जे सांगितलं तेच पुढे बाबांनी मला सांगितलं: "चुकलेलो बार मातयेत जावक होयो." म्हणजे उंच माचावर बसून, जनावर जवळ आल्यावर, खाली रोखूनच बार करायचा. सरळ रेषेत, झुडपात, आवाजाच्या दिशेने कधीच नाही.

श्रोतेहो, ठासणीची बंदूक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली नसेल. नळीत आधी काळी दारू ओतायची, त्यावर काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा काथ्या, पुन्हा ठासणी. मागे ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवायची, घोडा चढवायचा. एका बारानंतर हे सगळं पहिल्यापासून. एवढ्या वेळात डुक्कर शेजारच्या गावात पोचतं. म्हणून माणूस विचार करूनच बार करायचा. आजोबांनी बंदूक घेतली ती राखणीसाठी. भाताचा दाणा दुधात आला की डुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कुणगा, म्हणजे भाताचं खाचर, लोळवतो. रताळ्यांचं तर विचारूच नका.

कायद्याने इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत आणि त्या तशाच राहाव्यात असं मला मनापासून वाटतं. बंदुकीचा परवाना 1959 च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो. पण परवाना आहे म्हणून जनावर मारता येत नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने हौसेची शिकार पुरती बंद झाली. पिकाला उपद्रव देणारं डुक्कर मारायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. ही परवानगी शेतकऱ्याला झटपट मिळाली पाहिजे, कारण दुधातला दाणा कागदासाठी थांबत नाही. ती वेळेवर मिळत नाही, मग लोक कुंपणाच्या तारेत वीज सोडतात, पिठात गावठी बॉम्ब ठेवतात. त्यात गाय मरते, कुत्रा मरतो, पहाटे परसाकडे गेलेला माणूस मरतो. त्या तारेला डोळे नसतात. आणि बॅटरीच्या झोतात भेकर, ससा टिपून पार्ट्या करणाऱ्यांना मी शिकारी म्हणणार नाही. ती चोरी आहे.

खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ आणि बंदूक ओटीवर मांडली. बाबांनी नळीला झेंडूचा हार घातला, दस्त्यावर हळदकुंकू लावलं. दस्त्याला आजोबांच्या गालाच्या जागी गुळगुळीत खळगा पडलाय. चुलतभाऊ मला म्हणाला, वारस म्हणून तुझ्या नावावर परवाना करून घे. कायद्यात तशी सोय आहे. मी नको म्हटलं. मी पुण्यात राहतो. जो रात्री माचावर बसत नाही, त्याने भिंतीवर मिरवायला बंदूक ठेवू नये.

दसरा झाल्यावर ठाण्यात गेलो. हवालदारांनी परवान्यावरचा आणि नळीवरचा नंबर ताडून पाहिला, नोंद केली, पावती दिली. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बाबा दर वेळी बंदूक इथे आणून ठेवायचे आणि मतमोजणीनंतर घेऊन जायचे, त्यामुळे सगळे ओळखीचे. "आता कधी नेणार?" हवालदारांनी सवयीने विचारलं. बाबांनी नुसती मान हलवली.

त्या रात्री आम्ही ओटीवर झोपलो होतो. दोनच्या सुमारास खालच्या कुणग्यात भात मोडल्याचा आवाज आला. बाबा माझ्या आधी उठले. त्यांचा हात आधी भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्यांकडे गेला. मग कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन ते पायऱ्या उतरले. मी टॉर्च घेऊन त्यांच्या मागे.