लेबलवरचं नाव

(शटर अर्धं वर जातं. गल्लीतले आवाज. पहिले दहा सेकंद निवेदन नाही.)

नागपूरच्या महाल भागातल्या या गल्लीत साडेदहाच्या सुमारास तीन शटरं वर जातात. एक मोबाईलच्या कव्हरांचं, एक लग्नपत्रिकांचं आणि मधलं हे. पाटीवरची अक्षरं नागपूरच्या उन्हानं उडालीत, तरी लागतात: रेडिओ, रेकॉर्ड, कॅसेट. धंदा जसा बदलत गेला तसे रंगाऱ्यानं शब्द वाढवत नेले. कॅसेटच्या पुढे थोडी जागा उरली होती. ती तशीच राहिली.

दुकानदारांनी नाव सांगायला नको म्हटलं. "दुकान दाखवा नं बाप्पा, मले काहून दाखवता." सगळी गल्ली त्यांना काका म्हणते. आपणही काकाच म्हणू.

(रॅकवरून सावकाश कॅमेरा. पाकिटं, एकेक.)

या सात इंची तबकड्या. मिनिटाला 45 फेरे. अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीनं 1949 च्या मार्चमध्ये हे माप बाजारात आणलं. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक. तिकडे तिला सिंगल म्हणत आले. आपल्याकडे याच मापावर दोन्ही बाजूंना दोन-दोन गाणी बसवून ईपी निघायच्या. सिनेमातली निवडक चार गाणी, पाकिटावर नायक-नायिका. ज्या घराला एलपी, म्हणजे बरीच गाणी असलेली मोठी तबकडी, परवडत नसे, त्या घरात पगाराच्या दिवशी ईपी यायची. दुकानात उभं राहून आधी ऐकायची, मग बाबांकडे बघायचं, मग ती पिशवीत पडायची.

(क्लोजअप: प्लास्टिकचं घमेलं, पाणी, काळी तबकडी.)

काका आठवड्यातून एकदा तबकड्या धुतात. हे आम्ही कापलेलं नाही. जेवढा वेळ लागतो तेवढा लागू दिला आहे.

ही दहा इंची, 78 फेऱ्यांची. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, म्हणजे एकच गाणं. सिंगल हा शब्द आपण वापरला नसेल, वस्तू मात्र आपल्या घरात आधीपासून होती. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ग्रामोफोन कंपनीनं मुद्रित केलं, तेव्हापासून.

आधी लेबलवर स्टीलच्या डब्याचं झाकण उपडं ठेवायचं, कागद भिजू नये म्हणून. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. जुन्या धोतराचा मऊ तुकडा. हात खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा. आडवा फिरला तर धूळ खाचेत आणखी बसते. मग स्वच्छ पाणी, आणि तबकडी भिंतीशी उभी. आडवी एकावर एक रचायची नाही, वरच्या वजनानं खालची तडकते.

आणि स्पिरिट अजिबात नाही. ईपी विनाइलची असते, तिला स्पिरिट चालून जातं. ही लाखेची आहे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ सोडतात, ती लाख. तिच्यात दगडाची भुकटी मिसळून ही तबकडी दाबत असत, आणि जगभरातल्या कारखान्यांना लाख जायची ती मुख्यतः भारतातून. स्पिरिटमध्ये ती विरघळते.

(काकांची बाईट.)
"एका पोट्ट्यानं स्पिरिटनं पुसली. मस्त चमकली. लावून पाहिली तं गाणंच निघून गेलं होतं."

मे महिन्यात इथला पारा 45 च्या वर जातो. ऊन लागलं की ईपी पापडासारखी वाकते. कूलरच्या ओलीनं पाकिटांना बुरशी धरते. म्हणून या दुकानात कूलर दाराशी आहे, रॅकपासून लांब, आणि काका आतल्या बाजूला घाम पुसत बसतात.

(झाकण उचललं जातं. लेबल पूर्ण फ्रेममध्ये.)

इथं थांबा. आम्ही हे सगळं चित्रण या वर्तुळासाठी केलं आहे. कर्ण्यात कान घालून बसलेला कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच्याखालची बारीक अक्षरं वाचा. गाण्याची पहिली ओळ. गायक. गीत कोणाचं. संगीत कोणाचं. तबकडीचा नंबर. गाणं घरात शिरायचं ते हा पत्ता घेऊन.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि तीसच्या दशकाच्या सुरुवातीला तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताची गोष्ट सांगताना लोक तिथूनच सुरुवात करतात. वऱ्हाडातल्या एका गावचा कवी पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत पोचला तो या तबकडीवरून.

लेबल नेहमी खरं बोलायचं असंही नाही. 1949 च्या 'महल'मधलं लता मंगेशकरांचं गाणं तबकडीवर आलं, तेव्हा गायिकेच्या जागी 'कामिनी' छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. रेडिओवर गाणं लागलं, आणि ही कामिनी कोण म्हणून लोक विचारू लागले. चूक कागदावर होती म्हणून दिसली आणि दुरुस्त करता आली. पुढच्या काळात गायकांची नावं ठसठशीत छापली जाऊ लागली, त्यामागे अशीच भांडणं आणि विचारपूस आहे.

(कॅसेटची फीत. निळं बॉलपेन चाकात फिरतंय.)

मग कॅसेट आली. 1980 नंतर ती इतकी स्वस्त झाली की रिक्षात, टपरीत, शेतातल्या खोपडीत गाणं पोचलं. काकांच्या दुकानात तेव्हा नवाच धंदा उभा राहिला: कॅसेट भरून देणं. गिऱ्हाईक कागदावर यादी आणायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला सहा-सात गाणी. काका रेकॉर्ड लावायचे, कॅसेट लावायचे आणि गाणं संपेस्तोवर बसायचे. बाजू संपायला दीड मिनिट उरलं की छोटं गाणं शोधायचं, फीत कोरी सोडायची नाही. चार दिवसांनी या, म्हणून सांगायचं.

कायद्यानं ही नक्कलच होती आणि कंपन्यांच्या पोटावर ती आली. काका ते नाकारत नाहीत. पण यादी हातात घेऊन ते विचारायचे, "हे कोणतं? जुनं का नवं? संगीत कोणाचं?" सांगता आलं नाही तर गाणं सापडायचं नाही.

माझ्या बाबांनी अशी एक कॅसेट सीताबर्डीच्या बाजारातून, म्हणजे बर्डीवरून, भरून आणली होती. ती आजही आमच्याकडे आहे. आतल्या कार्डावर बाबांच्या तिरक्या अक्षरात बारा गाणी, आणि प्रत्येकापुढे कंसात संगीतकार. एका ठिकाणी आधी लिहिलेलं नाव खोडून दुसरं लिहिलंय. शाई वेगळी आहे. म्हणजे नंतर कधीतरी कोणाला तरी विचारून केलेली दुरुस्ती.

(सीताबर्डी. गर्दी. मोबाईलची दुकानं. संगणकाच्या पडद्यावर सरकणारी यादी.)

मग आली चिप. मेमरी कार्ड कोणी म्हणत नसे, चिपच. "भाऊ, गाणे टाकून द्या." साधारण चार एमबीचं एक गाणं, चार जीबीची चिप, म्हणजे हजारभर गाणी. पाच मिनिटांत भरून व्हायची. यादी कोणी आणत नसे. 'नवीन', 'जुने', 'डीजे', 'भक्ती' असे फोल्डर, त्यातलं सगळंच घ्यायचं. गाण्याच्या नावाच्या जागी कुठल्या तरी वेबसाईटचं नाव, नाहीतर नुसतं 'ट्रॅक 04'.

परदेशात याच सुमारास गोष्टी भराभर घडल्या. 1999 साली नॅपस्टर, गाण्यांच्या फाईली इंटरनेटवर एकमेकांना फुकट देण्याची सोय. 28 एप्रिल 2003 ला अ‍ॅपलचं गाण्यांचं दुकान: एक गाणं 99 सेंट, पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. एप्रिल 2006 मध्ये ब्रिटनच्या सिंगल्सच्या खपाच्या यादीत एक गाणं निव्वळ डाउनलोडवर पहिलं आलं, त्याची सीडी दुकानात यायच्या आधी. आपल्याकडे गाणं विकत उतरवून घेण्याची सवय नीट लागलीच नाही. फ्लिपकार्टनं 2012 मध्ये उघडलेलं फ्लाइट हे गाण्यांचं दुकान 2013 च्या जूनमध्ये बंद झालं. त्याआधी लोक गाण्याचा तुकडा कॉलर ट्यून म्हणून महिन्याच्या भाड्यानं घेत होते. 2016 मध्ये डेटा स्वस्त झाला आणि चिपही गेली. त्याच वर्षी मुंबईच्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्ड-कॅसेटचं जुनं दुकान बंद झालं. नागपुरातलीही बहुतेक रेकॉर्ड-कॅसेटची दुकानं मिटली किंवा मोबाईलकडे वळली.

(काळा पडदा, दोन सेकंद. परत दुकान.)

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. चिपवरच्या गाण्याच्या, म्हणजे एमपीथ्रीच्या, फाईलमध्ये नावांना जागा होती. आयडीथ्री म्हणून एक खणांची पेटी त्या फाईलला जोडलेली असते. तिच्यात गायकाचा खण आहे, संगीतकाराचा आहे, शब्द लिहिणाऱ्याचासुद्धा वेगळा खण आहे. म्हणजे ज्यांनी ही पेटी घडवली त्यांनी लेबलची आठवण ठेवली होती. खण रिकामे ठेवले ते आपण. भरायला प्रत्येक गाण्यामागे अर्धं मिनिट लागलं असतं.

(दीक्षाभूमीबाहेरचे स्टॉल. पुस्तकं, मूर्ती, सीडी, पेनड्राइव्ह. गाण्याचा आवाज वर.)

दीक्षाभूमीच्या रस्त्यावर आम्हाला याचं उलट टोक दिसलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथं लाखो लोक येतात आणि भीमगीतं अजूनही हातात घेता येईल अशा रूपात विकत मिळतात, सीडी असो की पेनड्राइव्ह. त्या गोंगाटात वामनदादा कर्डकांचं गाणं लागलं की लेबलची गरज पडत नाही. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. तुकडोजी महाराजांच्या भजनात 'तुकड्या' येतो, तसाच. या कवींनी नाव गाण्यातच शिवून टाकलं. कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून चिपवर, कितीही वेळा उतरवा, नाव सुटत नाही. भावगीताच्या आणि सिनेमाच्या कवींनी तसं केलं नाही. त्यांनी छापील कागदावर भरवसा ठेवला.

(काकांचं टेबल. लाल कापडी बांधणीची खतावणी.)

म्हणून काकांनी ही वही धरली आहे. जमाखर्चाचीच खतावणी, रकाने मात्र त्यांनी आखलेले: नंबर, गाणं, गायक, गीत, संगीत. दुकानात येणारी प्रत्येक तबकडी विकण्याआधी इथं उतरते. लेबल फाटलेलं असेल, वाळवीनं खाल्लं असेल, तर तो रकाना कोरा. अंदाजानं ते काही लिहीत नाहीत. इंटरनेटवर बघून का लिहीत नाही, असं आम्ही विचारलं.

(काकांची बाईट.)
"तिथं एकजण एक सांगते, दुसरा दुसरं. मी लेबल पाहूनच लिहीन."

शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कामठीहून एक बाई आल्या. सासऱ्यांच्या पेटीतल्या सहा तबकड्या, सुती साडीत गुंडाळलेल्या. विकायच्या होत्या. काकांनी चौथी तबकडी खिडकीकडे धरली, नंबर वाचला, वही ओढली आणि बरीच पानं मागे गेले. आम्ही कॅमेरा बंद करत होतो, तो परत सुरू केला.

(क्लोजअप. निवेदन सावकाश.)

तोच नंबर. वहीतल्या ओळीत गाणं होतं, गायिका होती, संगीत होतं. गीताचा रकाना कोरा होता. या तबकडीचं लेबल अख्खं होतं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. पेन चालेना. वहीच्या पुठ्ठ्यावर दोनदा घासलं.

"वाचा बरं, बाई, तुम्हीच. माझं चुकन."

त्या वाचत गेल्या, काका लिहीत गेले.

(आवाज फक्त पेनचा. मग तबकडी लागते.)