गिऱ्हाईक पाठ फिरवतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. प्रवाळ खडकांवर एक बोटभर लांबीचा निळसर मासा राहतो, अंगावर काळा पट्टा. त्याचा धंदा सफाईचा. मोठे मासे त्याच्यापुढे येऊन तोंड उघडून थांबतात आणि हा त्यांच्या अंगावरची परजीवी किडं टिपतो. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ मोजणी झाली तेव्हा एका सफाईवाल्या माशाने दिवसाला खाल्लेली किडं सुमारे 1200 भरली. आता मेख ऐका. त्याला किड्यांपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरची बुळबुळ जास्त आवडते. ती ओरबाडली की गिऱ्हाईक दचकतं.

मग तो इमानदारीनं किडंच का खातो? रेडुआन ब्शारी आणि लेक्सा ग्रटर या जीवशास्त्रज्ञांनी हे टाकीत तपासलं, ते मला फार आवडतं. गिऱ्हाइकाच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचं ताट, त्याला दांडा. ताटावर माशांच्या खाद्याचे पापुद्रे आणि कोलंबी. कोलंबी माशाच्या आवडीची, म्हणजे ती झाली बुळबुळ; पापुद्रे म्हणजे किडं. ताट जागेवरच राहिलं तर मासा सरळ कोलंबीवर जातो. पण कोलंबीला तोंड लावताच दांडा ओढून ताट काढून घेतलं, तर? पापुद्रेही गेले, कोलंबीही गेली. ताट काढून न घेता माशाच्या अंगावर धाडलं, तरी परिणाम तोच: मासा मन मारून आधी पापुद्रे खायला शिकला. पुन्हा सांगतो, आवडीची कोलंबी समोर असताना आधी पापुद्रे!



समुद्रात दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं असतात. दूरवर फिरणाऱ्याला दुसरा सफाईवाला गाठता येतो; फसवलं की तो तिकडे जातो. छोट्या हद्दीत राहणाऱ्याला एकच सफाईवाला, त्यामुळे तो पाठलाग करून राग काढतो. दोघं एकदम आले तर आधी नंबर लागतो फिरत्याचा. घरचा थांबतो.

सोडून जाता येत असलं की सहकार्य टिकतं का, हे माणसांचंही पाहिलं गेलंय. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात 785 जण इंटरनेटवरून खेळले: स्वतःचे गुण खर्च करून शेजाऱ्यांना, म्हणजे खेळात आपल्याशी जोडलेल्यांना, फायदा द्यायचा की नाही, एवढंच ठरवायचं. शेजारी कायमचे ठरलेले असले की सहकार्य फेरीगणिक घसरत गेलं. दर फेरीला दहांतल्या तीन जोड्यांना नातं तोडायची किंवा जोडायची संधी दिली, तेव्हा सहकार्य टिकलं. दहांतल्या एकाच जोडीला दिली, तर मात्र पुन्हा घसरलं.