पहाटे चारची धडधड

(खान्देशातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माझ्याकडे येणारी किती माणसं एकच तक्रार घेऊन येतात! "डाक्टर, पहाटे छातीमा धडधड व्हस." कुणी रावेरकडचा केळी बागायतदार असतो, कुणी भुसावळचा निवृत्त रेल्वे कामगार. चारला जाग येते, हात कापतात, घाम फुटतो, काहीतरी वाईट घडणार असं वाटत राहतं. मग उशाजवळची क्वार्टर. दोन घोट गेले की थोड्या वेळात हात थांबतात. यावरून तो ठरवतो की आपल्याला भीतीचा आजार आहे आणि दारू हे त्यावरचं औषध. घरचेही म्हणतात, टेन्शनमुळे पितो बिचारा.

बहुतेक वेळा इथे गाडी उलटी जुंपलेली असते. ती धडधड दारूनेच तयार केलेली असते.

सातपुड्यात मोहाची धार देवाला वाहतात, सणाला घेतात. त्या रीतीबद्दल मी बोलत नाही. मी बोलतोय ते वर्षानुवर्षं, रोज, सकाळपासून पिणाऱ्याबद्दल.

मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते, म्हणून पहिल्या पेल्याला बरं वाटतं. पण मेंदू स्वस्थ बसत नाही. भरलेली गाडी रोज ओढणारे बैल जसे अंग टाकून, मान घालून ओढायला शिकतात, तसा तोही दारूच्या ओझ्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. गाबाचा परिणाम घेणारी केंद्रं मंदावतात, ग्लुटामेटची वाढतात. आता रात्रीची दारू पहाटेपर्यंत उतरली, म्हणजे चढावर अचानक जोत तुटलं. ओझं गेलं, पण बैलांचा जोर तसाच. ते पुढे उधळणारच. पहाटे चारची धडधड म्हणजे हे उधळणं.

कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या आत खोलवर, बदामाएवढा एक भाग आहे. अमिग्डला या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच बदाम. धोका ओळखायचं काम त्याचं. संकटात तिथे सीआरएफ नावाचं रसायन सुटतं. वाइली वेल यांच्या प्रयोगशाळेने १९८१ साली त्याची रचना शोधली. रोजच्या पिण्यानंतर दारू उतरली की अमिग्डलात आणि त्याला जोडलेल्या भागांत हे सीआरएफ वाढतं, नॉरअ‍ॅड्रेनालिन या शरीराला सावध करणाऱ्या रसायनाचीही भर पडते. समोर साप नाही, वाघ नाही, तरी शरीर पळायच्या तयारीत. जॉर्ज कूब या शास्त्रज्ञाने हे आयुष्यभर मांडलं: सुरुवातीला माणूस मजेसाठी पितो, पुढे त्रास टाळण्यासाठी पितो. हा फरक मला फार मोठा वाटतो. "याला मजा सुचते" असं ज्याच्याबद्दल आपण बोलतो, त्याची मजा कधीच संपलेली असते.

एक प्रयोग सांगतो. २०१२ साली अँड्र्यू होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना बरेच दिवस दारूच्या वाफेत ठेवलं. नंतर एक आवाज ऐकवून हलका झटका दिला. भीती सगळेच उंदीर शिकले. पुढे नुसता आवाज ऐकवला, झटका नाही. साधे उंदीर हळूहळू निर्धास्त झाले. दारूतले उंदीर भीती विसरायला कमी पडले. कपाळामागचा, भीतीला आवर घालणारा भाग, त्यातल्या पेशींची रचनाच बदललेली होती. उंदरावरून माणसाचं सगळं सांगता येत नाही, हे खरं. सीआरएफ अडवणारी औषधं उंदरांत चालली, माणसांवरच्या चाचण्यांत त्यांनी निराशा केली. तरी बायकोशी पाच वर्षांपूर्वी झालेलं भांडण काल झाल्यासारखं घेऊन बसणारे लोक पाहिले की मला तो प्रयोग आठवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातली माणसं वैतागून त्याला खोलीत कोंडतात, बाटली फोडतात. हेतू चांगला असतो. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, ताप चढतो, माणूस ओळख विसरतो. यात जीव जातो. अंगात देव आला म्हणून दवाखान्याऐवजी भगताकडे नेलेला एक तरुण माझ्याकडे उशिरा पोचला. वाचला, पण आठवण कायमची अधू झाली. रुग्णालयात डायझेपामसारखी मेंदूला शांत करणारी औषधं देऊन, ती काही दिवसांत कमी करत आणतात. सोबत बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, कारण पिणाऱ्याच्या शरीरात ते संपलेलं असतं आणि त्यावाचून मेंदूला इजा होते.

पुढचे तीन-चार आठवडे दारू न घेता गेले की बऱ्याच जणांची भीती खूप उतरते. झोप मात्र काही महिने रुसलेली राहते. भीती तरीही उरलीच तर तो वेगळा आजार, त्यावर वेगळा उपचार.

मघाशी तिसऱ्या रांगेतल्या आबांनी विचारलं, "माळ घालू का?" आबा, जरूर घाला. माळ घालून सुटलेले कितीतरी लोक मी पाहिलेत. पण मुक्ताईची पालखी निघायला अजून दोन महिने आहेत. आधी आठवडाभर दवाखान्यात काढा, मुलाला सोबत आणा. आज रात्री काही विचारायचं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, पैसे लागत नाहीत. आणि तोवर घरी कुणी एकदम बंद करू नका.